परदेशातून गाडी आणणे आणि परदेशी गाडी नेणे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचे फर्निचर, भांडी, पुस्तके आणि मोटार एकाच जहाजाने येऊ शकतात. पण कायदा मोटारीला घरसामानात धरत नाही. तिच्यासाठी आयातीचे वेगळे नियम आणि वेगळा कर आहे. नागपूरहून परदेशी जाणारे आणि तिथून परतणारे अशा दोघांमध्येही याबाबत काही समजुती पक्क्या रुजल्या आहेत.

गैरसमज 1: कायमचे परतणाऱ्याला गाडी करमुक्त आणता येते.

वस्तुस्थिती: सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 2 मध्ये 'बॅगेज'ची व्याख्या आहे आणि तिच्यातून मोटार वाहन स्पष्ट शब्दांत वगळले आहे. दीर्घ मुक्कामानंतर परतणाऱ्यांना वापरलेल्या घरगुती वस्तूंवर सवलत मिळते, ती गाडीला लागू होत नाही. परदेशात किती वर्षे काढली, याने यात फरक पडत नाही.

गैरसमज 2: गाडी चांगल्या स्थितीत असली की ती आणता येते.

वस्तुस्थिती: विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आयात धोरणानुसार वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी. ही मुदत उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, खरेदीच्या किंवा नोंदणीच्या तारखेपासून नाही. शोरूममध्ये आठ महिने उभी राहिलेली गाडी म्हणजे तीन वर्षांतले आठ महिने आधीच गेलेले असतात. चारचाकीचे स्टिअरिंग उजवीकडे हवे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. त्यामुळे अमेरिका किंवा दुबईतली डाव्या स्टिअरिंगची गाडी पहिल्याच अटीवर बाद होते. ब्रिटनमधली गाडी स्टिअरिंगच्या अटीत बसते, पण तिथला स्पीडोमीटर मैलांचा असल्याने ती दुसऱ्या अटीवर अडू शकते.

याशिवाय गाडी केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये बसली पाहिजे आणि आयातीनंतर किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचे प्रमाणपत्र हवे. भारतात पोचल्यावर, कस्टम्समधून सुटण्याआधी, तिची चाचणी होते. त्यासाठी नेमलेल्या संस्थांपैकी दोन महाराष्ट्रात आहेत: पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई.

गैरसमज 3: नागपुरात कंटेनर डेपो आहे, तेव्हा गाडी थेट तिथेच सोडवता येईल.

वस्तुस्थिती: अजनी आणि मिहान इथल्या कंटेनर डेपोंमुळे विदर्भाचा बराच आयात-निर्यात माल नागपूरहूनच हाताळला जातो. वापरलेल्या गाडीची आयात मात्र फक्त मुंबई बंदरातून करता येते. तिथे शुल्क भरून सोडवल्यावरही ती समृद्धी महामार्गाने तशीच चालवत आणता येत नाही. नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर चालवणे बेकायदा आहे, म्हणून तात्पुरती नोंदणी करावी लागते किंवा गाडी ट्रेलरवर आणावी लागते. त्यानंतर नागपूरच्या आरटीओत कायम नोंदणी होते आणि महाराष्ट्राचा वाहनकर वेगळा भरावा लागतो.

गैरसमज 4: गाडी स्वस्तात घेतली असेल तर करही कमी लागतो.

वस्तुस्थिती: वापरलेल्या गाडीचे मूल्य ठरवताना कस्टम्स खाते प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर विसंबत नाही. नवी असताना कंपनीने लावलेली किंमत धरून त्यातून घसारा वजा केला जातो: पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3 आणि तिसऱ्या वर्षी अडीच टक्के. म्हणजे तीन वर्षे पुरी होताना एकूण 38 टक्के घसारा मिळतो. नवी असताना 20 लाख रुपये किंमत असलेली गाडी कोणी ओळखीतून 9 लाखांना घेतली, तरी तिचे मूल्य 12 लाख 40 हजार धरले जाते आणि त्यात जहाजभाडे व विमा मिळवला जातो. वापरलेल्या गाडीवरचे सीमाशुल्क या मूल्याच्या सव्वापटीहून जास्त आहे. म्हणजे या उदाहरणात फक्त शुल्कच साडेपंधरा लाखांच्या वर जाते. मूल्य आणि शुल्क यांच्या बेरजेवर पुढे जीएसटी लागतो. एवढ्या पैशांत इथे बहुधा नवी गाडी येते.

गैरसमज 5: नागपूरची गाडी परदेशात नेणे सोपे आहे, कारण तिथे कर कमी असतो.

वस्तुस्थिती: कर कमी असला तरी गाडीला प्रवेश मिळेलच असे नाही. अमेरिकेच्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी साधारणपणे 25 वर्षे जुनी झाल्याशिवाय तिथे कायमची नेता येत नाही. कॅनडात ही मर्यादा 15 वर्षांची आहे. ऑस्ट्रेलियात उजवे स्टिअरिंग चालते, पण गाडी जहाजावर चढण्याआधी आयात मंजुरी घ्यावी लागते आणि चाकांखाली माती किंवा बी-बियाणे आढळले तर साफसफाईचा खर्च मालकाच्या माथी येतो. ब्रिटनमध्ये स्थलांतरितांना करसवलत आहे. त्यासाठी गाडी किमान सहा महिने मालकीची आणि वापरातली असावी लागते, आणि नेल्यावर बारा महिने ती विकता येत नाही. भारतात गाडीवर कर्ज असेल तर ते आधी फेडून बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 च्या आधारे आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो.

गैरसमज 6: कार्ने किंवा आंतरराष्ट्रीय परवाना असला की आयातीचे नियम लागत नाहीत.

वस्तुस्थिती: कार्ने हा गाडीचा तात्पुरता प्रवेश-दस्तऐवज आहे. भारतात तो मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्था आर्थिक हमी घेऊन देतात. गाडी मुदतीत परत नेली नाही, तर त्या हमीतून शुल्क वसूल होते. भ्रमंतीला निघालेल्यांसाठी ही सोय आहे, स्थायिक होणाऱ्यांसाठी नाही. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून जास्तीत जास्त एका वर्षासाठी मिळतो आणि तो चालकाचा असतो. त्यावर परदेशात तिथली गाडी चालवता येते. स्वतःची गाडी तिकडे नेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.