संशोधनाचा पैसा कोणाच्या खिशातून?

वाचकहो, मृग जवळ आला की तुमच्या घरात बियाण्याची जमवाजमव सुरू होते. कपाशीच्या पिशव्या तालुक्याच्या दुकानातून रोख पैसे मोजून येतात. तुरीचे बी मात्र पुष्कळ घरांत गेल्या वर्षीच्या राशीतूनच निवडलेले असते. घरच्या लक्ष्मीने ते उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून जपून ठेवलेले असते. एक बी विकतचे, एक घरचे. पण या दोन्ही बियांच्या मागे कोणीतरी आठ-दहा वर्षे खपलेले आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. त्या खपण्याचा खर्च कोणी केला? हा प्रश्न वरवर पाहता शहरातल्या पंडितांचा वाटेल. पण उद्या तुमच्या शेतात काय उगवणार, हे पुष्कळसे त्याच्या उत्तरावर ठरते.

शंभर रुपयांतले चौसष्ट पैसे

आधी देशाचा जमाखर्च पाहू. आपला देश वर्षभरात जे काही उत्पन्न काढतो, त्याचे शंभर रुपये धरले, तर त्यांतले अवघे ६४ पैसे संशोधन आणि विकास यांवर खर्च होतात. हा हिशेब २०२०-२१ सालचा आहे. त्याच सुमारास दक्षिण कोरियासारखा लहानसा देश शंभरातले जवळजवळ पावणेपाच रुपये या कामी लावत होता. चीन दोन रुपयांहून अधिक लावत होता.

आता आपल्या संशोधनावरचा एक रुपया घ्या आणि त्याचे वाटे करा. केंद्र सरकारचे ४४ पैसे, राज्य सरकारांचे ७, विद्यापीठे व उच्च शिक्षणसंस्थांचे ९, सरकारी मालकीच्या कारखान्यांचे ४ आणि खाजगी कंपन्यांचे ३६ पैसे. म्हणजे आपल्याकडे संशोधनाचा गाडा मुख्यतः सरकार ओढते. कोरियात नेमके उलटे आहे. तेथे तीन चतुर्थांशाहून अधिक भार कंपन्यांवर आहे.

सरकारचा पैसा म्हणजे तरी कोणाचा? तुम्ही साबण घेता, डिझेल भरता, ट्रॅक्टरचा सुटा भाग आणता, त्या प्रत्येक वेळी कर भरता. तेव्हा या रुपयात तुमचाही वाटा आहेच.

कंपनी पैसा कोठे लावते?

कंपनीचा हिशेब आपल्यासारखाच असतो. पेरले तर उगवले पाहिजे, आणि उगवलेले आपल्याच खळ्यावर आले पाहिजे. म्हणून ज्या धंद्यात शोधाला कुंपण घालता येते, तेथे कंपन्या हात सैल सोडतात. आपल्या देशात खाजगी संशोधनाचा सर्वांत मोठा खर्च औषधांच्या धंद्यात होतो, त्याचे एक कारण हेच. नव्या औषधाला २० वर्षांचे पेटंट मिळते. तेवढा काळ ते दुसऱ्या कोणाला परवानगीवाचून करता येत नाही.

बियाण्यात हे कुंपण निसर्गानेच घालून दिले आहे. संकरित वाणाचे दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले, तर पीक एकसारखे येत नाही आणि उतारा घटतो. त्यामुळे दर वर्षी पिशवी विकत घेणे आले. कंपनीचा खर्च दर वर्षी वसूल होतो. जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली ‘महिको’ सुरू केली, तीही संकरित बियाण्याच्या याच वाटेने वाढली. २००२ साली बी.टी. कापसाला परवानगी मिळाली, तो मुख्यतः संकरित वाणांतूनच आपल्याकडे आला. त्या पिशवीच्या किमतीत कित्येक वर्षे जनुकाच्या शुल्काचा वेगळा हिस्सा असे. म्हणजे कपाशीच्या संशोधनाचा पैसा तुम्ही दुकानाच्या गल्ल्यावर थेट भरलात.

पण एक गोष्ट विसरू नका. कापसाचा व्यापारी प्रमाणावर पिकवलेला जगातला पहिला संकरित वाण ‘एच-४’. तो कोणा कंपनीने काढलेला नाही. गुजरातेत सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी तो १९७० साली दिला. आपल्या मराठवाड्यातला ‘नांदेड ४४’ हाही सरकारी केंद्राचाच. फळ मिळेल की नाही याची खात्री नसते, त्या पहिल्या नांगरटीला बहुधा सरकारी पैसा लागतो. रान तयार झाले की मग कंपन्या पेरायला येतात.

ज्या बियाला गिऱ्हाईक नाही

आता तुरीच्या त्या गाडग्याकडे या. तूर, हरभरा, रब्बीची ज्वारी यांचे बहुतेक वाण सरळ आहेत. एकदा बी आणले की निगुतीने राखून तीन-चार वर्षे घरचेच पेरता येते. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने तुमचा हा हक्क मान्य केला आहे. स्वतः पिकवलेले बी शेतकऱ्याने राखावे, पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, विकावेही. फक्त संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही.

हे आपल्या फायद्याचे आहे, पण कंपनीच्या नाही. एकदा पिशवी विकली की चार वर्षे जे गिऱ्हाईक फिरकत नाही, त्याच्यासाठी कोण दहा वर्षे खपेल? म्हणून या पिकांची जबाबदारी सरकारी केंद्रांवर पडते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्राने निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ज्वारी आज कित्येक पिढ्या आपल्या ताटात आहे. राहुरीच्या विद्यापीठाचे ‘विजय’ व ‘दिग्विजय’ हे हरभरे तुमच्यापैकी कित्येकांनी पेरले असतील.

हा पैसा कसा येतो तेही पाहा. १९२९ साली स्थापन झालेली भारतीय कृषी संशोधन परिषद केंद्राकडून निधी घेते. राज्यातल्या राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांना मुख्य आधार राज्य सरकारच्या अनुदानाचा. पिकांवरचे जे अखिल भारतीय समन्वित प्रकल्प या विद्यापीठांत चालतात, त्यांच्या खर्चाचे रुपयातले ७५ पैसे परिषद देते आणि २५ पैसे राज्य. एका बाजूने हात आखडला की काम अडते. शास्त्रज्ञाची जागा रिकामी राहिली की त्याचे प्रयोगाचे वाफेही पडीक राहतात. पिकाच्या संशोधनात एक हंगाम चुकला तर एक वर्ष गेले. ते कोणत्याही निधीने परत आणता येत नाही.

दहाजणांची वर्गणी

सरकार आणि कंपनी यांच्याखेरीज तिसरी वाट आहे, आणि ती आपल्या लोकांना नवी नाही. १९२१ साली कापसासाठी मध्यवर्ती समिती नेमली गेली. १९२३ च्या कायद्याने कापसाच्या गाठीमागे थोडासा उपकर बसला. त्याच पैशातून कापसाचे संशोधन चाले. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेली कापसाची प्रयोगशाळा या समितीनेच उभारली. पुढे १९६६ च्या सुमारास अशा पीकवार समित्या मोडून त्यांचे काम परिषदेकडे गेले.

उसाचे उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी एकत्र येऊन उभी केली. गाळलेल्या उसाच्या टनामागे एक रुपया अशी वर्गणी कारखान्यांकडून तिला जाते. तुमच्या एकरी साठ टन उसामागे साठ रुपये धरा. एकट्याचे साठ रुपये म्हणजे काहीच नाही. पण लाखो टनांचे झाले की त्यातून बेण्याचे मळे, मातीची तपासणी, नवे वाण उभे राहतात. मोटारी बनवणाऱ्यांनीही हीच युक्ती केली. पुण्याची ए.आर.ए.आय. ही संस्था १९६६ साली वाहन-उद्योग आणि सरकार यांनी मिळून काढली.

वर्गणीची वाट चांगली, पण ती जेथे माल एका दारातून जातो तेथेच सोपी. ऊस कारखान्यात जातो, म्हणून टनामागे रुपया मोजता येतो. कोरडवाहू शेतकऱ्याची ज्वारी निम्मी घरात खपते आणि उरलेली दहा बाजारांत विखुरते. तिच्यावर वर्गणी कोण आणि कोठे गोळा करणार? म्हणून पुन्हा सांगावेसे वाटते, ज्याला कंपनी नाही आणि कारखाना नाही, त्या पिकाला सरकारी संशोधनावाचून दुसरा आधार नाही.

तुम्ही काय विचारावे?

जो पैसा देतो, तोच प्रश्न ठरवतो. कंपनीचा पैसा विचारतो, कोणते बी दर वर्षी खपेल? वर्गणीचा पैसा विचारतो, आमच्या पिकाचा उतारा कसा वाढेल? तुमच्या दोन एकर कोरडवाहू रानाचा प्रश्न विचारणारा पैसा हवा असेल, तर त्याची मागणी तुम्हीच केली पाहिजे.

कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सभेत चहा-फराळाबरोबर एवढे विचारा की आपल्या टनामागच्या रुपयातून यंदा काय निघाले. विद्यापीठाच्या शिवार फेरीला जाल तेव्हा नुसती पिके पाहून परतू नका. तुमच्या पिकावर किती शास्त्रज्ञ आहेत आणि किती जागा रिकाम्या आहेत, तेही विचारा. मते मागायला येणारे रस्ता आणि दिवे यांची आश्वासने देतील, त्यांना या रिकाम्या जागांबद्दल सांगा.

आपल्या घरात दुष्काळातही कोणी बियाण्याच्या गाडग्याला हात लावत नाही. उपास काढतील, पण बी खाणार नाहीत. संशोधनाचा पैसा हे देशाच्या घरातले बियाण्याचे गाडगेच आहे. ते भरलेले आहे की नाही, हे घरातल्या प्रत्येकाने अधूनमधून झाकण काढून पाहायला हवे.