मान्यता द्यायची, पण केव्हा?

१४ मे १९४८. वॉशिंग्टनच्या घड्याळात संध्याकाळचे ६ वाजले आणि पॅलेस्टाइनवरचा ब्रिटिश अंमल संपला. ६ वाजून ११ मिनिटांनी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी इस्राएलला मान्यता देऊनही टाकली! भारताची मान्यता आली सप्टेंबर १९५०मध्ये आणि पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला १९९२ उजाडलं. मधली कित्येक वर्षं भारतात इस्राएलची एकच कचेरी होती, आपल्या मुंबईत.

गंमत म्हणजे, देश ठरायला मान्यता लागतेच असं नाही. १९३३च्या माँटेव्हिडिओ कराराच्या अटी चारच: कायमची लोकवस्ती, ठरावीक भूभाग, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. इतरांनी मान्य करो वा न करो, राज्य असतंच, असंही त्यात स्वच्छ लिहिलंय.

पण रुसवे सुटत नाहीत. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ३१ डिसेंबर १९७४च्या करारात. तेही लिस्बनमधली हुकूमशाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोसळली म्हणून! बांगलादेशाला भूतान आणि भारताने ६ डिसेंबर १९७१लाच मान्यता दिली, पाकिस्तानने फेब्रुवारी १९७४मध्ये, लाहोरच्या इस्लामी परिषदेच्या वेळी.

सरकारच्या मान्यतेत तर सोनं अडकतं. व्हेनेझुएलाचं सुमारे ३१ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीत होतं. राजधानी काराकासमध्ये तेव्हा सत्ता होती अध्यक्ष मादुरोंची, पण ब्रिटनने अध्यक्ष मानलं विरोधी नेते ग्वाइदोंना. सोन्यावर हक्क सांगितला दोघांनीही! डिसेंबर २०२१मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, अध्यक्ष कोण याबाबत आमच्या सरकारचा शब्द अखेरचा.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती मान्यता नाकारण्याची गोष्ट. १९४०मध्ये सोव्हिएत संघाने एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया गिळले. अमेरिकेने ते कधीच मान्य केलं नाही. देश नकाशावरून पुसले गेले, तरी लाटव्हिया आणि लिथुएनियाच्या वकिलाती वॉशिंग्टनमध्ये चालूच राहिल्या. अर्धं शतक! बळकावलेल्या भूमीवर शिक्का न मारण्याची ही चिकाटी कोरडी औपचारिकता नव्हती. त्या लोकांचा हक्क तिने कागदोपत्री जिवंत ठेवला. ६ सप्टेंबर १९९१ला खुद्द सोव्हिएत संघाने तिघांचंही स्वातंत्र्य मान्य केलं.