गुरुवारची सुट्टी आणि गोचा डाव

आळंदीत भाड्याच्या खोल्यांतून राहणारे आमचे कितीतरी तरुण भल्या पहाटे चाकण, भोसरी, मरकळच्या रस्त्याला लागतात. कंपनीच्या बसमध्ये बसले की मान मोबाइलवर वाकते. घरची माणसे कुरकुर करतात आणि पुष्कळदा ती रास्तही असते. परंतु अशाच एका तरुणाच्या मोबाइलमध्ये आम्ही डोकावलो, तर तिथे सिनेमा नव्हता की पैशांचा जुगारही नव्हता. उभ्याआडव्या रेषांची जाळी आणि तिच्यावर काळ्यापांढऱ्या सोंगट्या!

"जयभीम काका. हा गो," तो म्हणाला. "समोरचा गडी परदेशात आहे. झोपून उठला की चाल करील."

वाचकहो, गो हा चीनमध्ये जन्मलेला, दोन हजारांहून अधिक वर्षांचा खेळ. पुढे तो कोरिया आणि जपानमध्ये रुजला. जपानच्या नामांकित होनिन्बो घराण्याचा मूळ पुरुष सान्सा (१५५९-१६२३) हा निचिरेन पंथाचा बौद्ध भिक्खू होता. पटावर १९ उभ्या व १९ आडव्या रेषा, म्हणजे ३६१ जागा. आळीपाळीने सोंगटी ठेवायची आणि जास्तीत जास्त मुलूख वेढायचा. बुद्धिबळात राजापासून प्याद्यापर्यंत उतरंड असते. इथे सगळ्या सोंगट्या सारख्या. सोंगटीचे मोल ठरते ते ती कुठे उभी आहे आणि कोणाशी जोडलेली आहे यावरून.

आणखी एक नियम आम्हांला विशेष भावला. एक खेळाडू कच्चा आणि दुसरा पक्का असेल, तर कच्च्याला आरंभीच २ ते ९ सोंगट्या पटावर मिळतात. याला कोणी भीक म्हणत नाही. डाव बरोबरीचा व्हावा म्हणून ती व्यवस्था आहे. राखीव जागांवरून टोमणे ऐकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे.

दूरदूरच्या माणसांना एका पटावर आणणारी संगणकावरची जागा म्हणजे गोचा सर्व्हर. असा पहिला सर्व्हर १९९२ साली सुरू झाला. २००० च्या सुमारास विल्यम शुबर्ट यांनी केजीएस उभारला आणि २०१७ साली तो अमेरिकन गो फाउंडेशन या संस्थेकडे गेला. अशा जागा बऱ्याच अंशी खेळणाऱ्यांच्याच श्रमदानावर चालतात. कोणी नवख्यांना शिकवतो, कोणी भांडणे मिटवतो, कोणी पडद्यावरचे शब्द आपल्या भाषेत आणतो. डावाच्या आधी नमस्कार आणि शेवटी आभार, ही रीत. आडनाव कोणी विचारीत नाही. ज्यांनी कामावर रुजू होताना पहिला प्रश्न आडनावाचाच ऐकला आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको.

आमचा हा तरुण 'टपाली' डाव खेळतो. एका चालीला एक ते तीन दिवस मिळतात. पाळीत राबणाऱ्याला हे सोयीचे. जेवणाच्या सुट्टीत एक चाल, बसमध्ये एक चाल. परंतु ओव्हरटाइम लागला, की वेळ संपून जिंकत आलेला डावही जातो. काही ठिकाणी शनिवार-रविवारी घड्याळ थांबवण्याची सोय आहे. पण पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी! विजेचा भार विभागावा म्हणून सुट्टीचे वार वाटून दिले गेले, त्यातून ही रीत पडली. शनिवार-रविवारी हा मशीनवर उभा, आणि गुरुवारी घड्याळ चालूच.

"मग तसे लिहून का पाठवीत नाहीस?" आम्ही विचारले. तो हसला. "आपल्यासारख्याचं कोण ऐकणार, काका?"

हे वाक्य आम्हांला डाव हरण्यापेक्षा अधिक झोंबले. रविवारची सुट्टी तरी कामगाराला कोणी आपण होऊन दिली होती काय? महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० साली ती मिळाली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कायदादुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. मागणी आधी कोणीतरी शब्दांत मांडावी लागते.

आम्ही दोघांनी बसून मजकूर तयार केला. 'मला गुरुवार द्या' असे लिहिले नाही. 'प्रत्येक खेळाडूला आपला सुट्टीचा वार निवडता यावा आणि डाव सुरू होण्यापूर्वी तो दोघांनाही दिसावा' असे लिहिले. कारण ही अडचण एकट्याची नाही. परिचारिका, वाहनचालक, पहारेकरी, तसेच शुक्रवारी सुट्टी असलेल्या देशांतील माणसे, सर्वांचीच ती आहे. आपले गाऱ्हाणे सर्वांच्या सोयीचे करून मांडले, की त्याला बळ येते. दोन दिवसांत दूरदेशीच्या एका परिचारिकेने लिहिले, "माझेही हेच म्हणणे." मागणी अजून मान्य झालेली नाही. राबणारे हात थोडे आणि सूचना पुष्कळ, हेही समजून घेतले पाहिजे. पण परवा तोच तरुण म्हणाला, "काका, कॅन्टीनच्या वेळेबद्दल पण असंच सगळ्यांचं मिळून लिहू या का?"

कोणी म्हणेल, ब्रह्मजाल सुत्तात आठ आणि दहा घरांच्या पटांचे खेळ भिक्खूंसाठी वर्ज्य सांगितले आहेत. खरे आहे. गृहस्थानेही खेळापायी अभ्यास, झोप आणि संसार बुडवू नये. पण माणसाला माणसाशी जोडणारा खेळ मापात खेळला तर त्यात वावगे काय?

मोबाइल नसला तरी अडत नाही. पुठ्ठ्यावर ९ उभ्या, ९ आडव्या रेषा आखा. एकाला चिंचोके, दुसऱ्याला पांढरी बटणे. सुट्टीच्या दिवशी विहारात वंदनेनंतर मुलामुलींना, आयाबहिणींना बसवा. डाव हरला तर हरू द्या. पण एखादा नियम अडचणीचा वाटला, तर 'आपले कोण ऐकणार' असे म्हणून कोणी पटावरून उठू नये. चार जणांनी मिळून तो नीट शब्दांत लिहावा आणि पाठवावा. जयभीम!