नऊ एकांचा डोंगर

आज एकच संख्या घेऊ: १२३४५६७८९८७६५४३२१. एकूण सतरा अंक. एकपासून नऊपर्यंत चढण, मग पुन्हा एकपर्यंत उतरण.

देवळाली म्हटलं की आम्हा फौजी लोकांना तोफखाना आठवतो. त्याच देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) शाळेत शिकवत. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. आपल्या आजच्या संख्येच्या जातकुळीला त्यांनी 'डेमलो संख्या' म्हटलं. हे नाव मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून घेतलेलं.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. कसा, ते छोट्या उदाहरणावर बघा. १११ गुणिले १११ कागदावर मांडा. १११ च्या तीन ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रांगांत एक, दोन, तीन, दोन, एक असे एक जमतात. उत्तर १२३२१. नऊ एक घेतले तर मधल्या रांगेत नऊ जमतात, हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले की मधे दहा जमतात, हातचा येतो आणि डोंगर मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून ही हद्द नऊवर.

आता अंकांची बेरीज करा. चढण ४५, उतरण ३६, एकूण ८१. आणि संख्येला ८१ ने पूर्ण भागही जातो! कारण १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे तिला ९ ने भाग जातो. मग तिच्या वर्गाला ९ च्या वर्गाने जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नावही कापरेकरांचंच.

हा नुसता विरंगुळा नाही. इकडे दिल्ली, नोएडा, गुरुग्रामला घरोघरी कुणी ना कुणी एक्सेलवर काम करतं. त्यांना सांगा, हा वर्ग एक्सेलमध्ये काढून बघ. एक्सेल पहिले पंधरा अंकच सांभाळतं, म्हणून शेवटच्या २१ च्या जागी ०० येतात. चूक झाली असा इशाराही मिळत नाही. पण तुम्ही अंकांची बेरीज करा: ७८ येते. ७८ ला ९ ने भाग जात नाही, तेव्हा हे उत्तर खरं असूच शकत नाही. अर्ध्या मिनिटात, डोक्यातल्या डोक्यात चोर सापडला.

बँक खात्यांचे, ओळखपत्रांचे लांबलचक क्रमांकही याच खिडक्यांतून जातात. सोळा किंवा जास्त अंकांचा क्रमांक असेल, तर तो भरण्याआधी ते घर 'टेक्स्ट' करून घ्या, म्हणजे सगळे अंक जसेच्या तसे राहतील.

यंत्र वापरा, जरूर वापरा. पण नातवंडांना नऊची कसोटी शिकवून ठेवा. पहारा देणारा जागा हवा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!