खाऊ नाही, तरी कळ दाबतोय!

एक पांढरा उंदीर पिंजऱ्यातली कळ दाबतोय. टक्. टक्. टक्. दाणा पडत नाही की पाणी येत नाही. मग याला मिळतंय तरी काय? मजा! कळ दाबली की मेंदूत बसवलेल्या बारीक तारेतून किंचितशी वीज जाते आणि उंदीरमामा खूश. (दुखत नाही का? तार भूल देऊन बसवतात, आणि मेंदूला स्वतःला दुखणं कळतच नाही.) ही गंमत १९५४ साली कॅनडातल्या ओल्ड्स आणि मिल्नर यांनी जगाला सांगितली.

पण ही मजा मेंदूत कुठल्या वाटेनं जाते? वाट शोधणारी मंडळी आपल्या महाराष्ट्रातलीच! पुण्यात वाकडहून बाणेर ओलांडलं की पाषाण. तिथल्या आयसर संस्थेतले निशिकांत सुभेदार, नागपूर विद्यापीठातले दादासाहेब कोकरे आणि त्यांचे सहकारी यांचं हे काम २०१८ साली छापून आलं.

ही वाट थॅलॅमसमधून जाते, म्हणून आधी त्याला भेटू. तो म्हणजे मेंदूतला नाशिक फाटा. पुण्याकडून आलेली गाडी मुंबईला वळणार की नाशिकला, ते फाट्यावर ठरतं ना? तसं डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं इथूनच पुढे जातं.

थॅलॅमसमध्ये पीव्हीटी नावाचा चिमुकला ठिपका आहे. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या दुसऱ्या भागातल्या काही पेशी लांबच लांब धागे पाठवून तिथे ‘कार्ट’ हे रसायन सोडतात. मग पीव्हीटीतल्या पेशी ग्लुटामेट हे दुसरं रसायन सोडून ‘अकम्बन्स’ या भागाला जागं करतात. आनंदाचं खास ठाणं ते!

कशावरून? शास्त्रज्ञांनी अशाच कळ दाबणाऱ्या उंदराच्या पीव्हीटीत कार्ट सोडलं. उंदीर जास्त वेळा कळ दाबू लागला, कमी विजेवरही खूश! कार्टला अडवलं, तर दाबणं मंदावलं. पुढची खेळी मला सगळ्यात आवडली. अकम्बन्समधली, ग्लुटामेटचा निरोप आत घेणारी दारं त्यांनी जराशीच अडवली, एरवी उंदराला फरकही पडला नसता इतकी. मग पीव्हीटीत कार्ट दिलं. पण आता त्याचा जोर कमी पडला! म्हणजे कार्टचा निरोप या दारांतून जात होता.

या खेळीत एका उंदराला कार्ट दिलं किती? फक्त २५ नॅनोग्रॅम. एका ग्रॅममध्ये १०० कोटी नॅनोग्रॅम असतात. मग एक ग्रॅम कार्ट किती उंदरांना पुरेल? करा भागाकार. उत्तर आलं की शून्यं मात्र पुन्हा मोजा!