बाहीखालची सुई

सकाळी 9
कुलूप काढलं, टेबलांवरच्या चादरी बदलल्या, सुयांची पाकिटं ट्रेमध्ये मांडली. सुई पाव मिलिमीटर जाड, 40 मिलिमीटर लांब, एकदाच वापरायची. आमच्या सोलापुरात नव्या पेशंटचा प्रश्न ठरलेला: "ही कोटणीसांची विद्या ना?" डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्जन होते. 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले. अॅक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी, 1959 मध्ये, तेही कलकत्त्याला. समोरच्याचा चेहरा पडतो, तरी सांगते.

सकाळी 11.15
अक्का आल्या. कारखान्यात विड्या देऊनच येतात, बोटांना तंबाखूचा वास असतो. उजवा दंड दुखतोय, वेणी घालायला हात मागे जात नाही. हाडाच्या डॉक्टरांना दाखवून झालंय. त्याशिवाय मी हात लावत नाही.

आज एलआय 14, चिनी नाव बीनाओ. मोठ्या आतड्याच्या मार्गावरचा बिंदू, पण आम्ही घेतो तो मुख्यतः खांदा-दंड दुखतो तेव्हा.

"कोपर वाकवा." घडी बाहेरच्या अंगाला जिथे संपते तिथे एलआय 11. तिथून खांद्याच्या टोकाकडे सात त्सुन. त्सुन म्हणजे अंगठ्याची रुंदी, पण पेशंटच्या अंगठ्याची! शिकताना मी माझाच अंगठा लावून मोजलं होतं आणि भलतीकडेच पोचले होते. काखेच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंत नऊ त्सुन धरतात. म्हणून मी परकराच्या इलॅस्टिकवर शाईने नऊ सारखे भाग पाडलेत. दंड लांब असो की आखूड, पट्टी ताणली की भागही ताणतात.

"ब्लाउजचं माप घेताय की काय?" अक्का हसल्या.

पट्टी फक्त मोहल्ला सांगते, घर बोटाने शोधायचं. "हात बाहेर ढकला, मी अडवते." खांद्याचा स्नायू फुगला, खाली निमुळता होत तो हाडाला चिकटतो. त्याच्या पुढच्या कडेने दाबत गेले. खुणेच्या अर्धं बोट पुढे अक्का "अय्यो!" म्हणाल्या. तिथेच.

सुई तिरपी, वरच्या दिशेने. मागे सरकायचं नाही; तिथून रेडियल नस हाडाला वळसा घालून जाते. हाताला करंट बसला तर लगेच सुई बाहेर. मला हवा असतो जडपणा.

"दगड बांधल्यासारखं वाटतंय."

"मग बरोबर आहे. वीस मिनिटं हलू नका."

उठल्यावर हात मागे नेऊन पाहिला. वेणीपर्यंत नाही, पण मानेपर्यंत पोचला. उद्या किती राहील ते उद्याच कळेल.

दुपारी 1.30
डबा. मध्येच फोन: एका बैठकीत लकवा जाईल का? नाही म्हटलं, त्यांनी ठेवून दिला.

संध्याकाळी 6.30
पॉवरलूमवरचे दादा, दोन्ही खांदे. सुया काढल्या, दादा शर्टाची बटणं लावायला लागले. ट्रेमध्ये मोजल्या: सात. घातल्या होत्या आठ.

"थांबा!"

डाव्या हाताची बाही खाली घसरली होती. अलगद वर केली. एलआय 14 वर आठवी सुई उभी होती. काढली, कापूस दाबला आणि सुया टाकायच्या पांढऱ्या डब्यात सोडली.

"मला कळलंच नाही," दादा म्हणाले.

मलाही कळलं नव्हतं, पण ते त्यांना बोलले नाही.