डॅशहाउंड : स्वभाव आणि निगा

शिवारफेरीच्या निमित्ताने वस्त्यांवर जाणे होते. पिकाची पाहणी झाली, चहा आला, की एखादे बागायतदार अंगणातल्या लांबट, बुटक्या कुत्र्याकडे बोट दाखवून विचारतात, "सर, पुण्याहून आणलंय. राखणीला चालेल का?" हा विषय पीक उत्पादनाचा नाही. परंतु हौसेने आणलेले जनावर माहितीअभावी लुळे पडू नये, म्हणून स्वतःचा अनुभव आणि पशुवैद्यकीय मित्रांचे मार्गदर्शन यांच्या आधारे हा लेख लिहिला आहे.

मूळ आणि बांधणी

डॅशहाउंड ही जर्मनीतील जात आहे. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बिळात राहणारा बॅजर हा प्राणी आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बॅजरला बाहेर काढण्यासाठी ही जात तयार केली गेली. आखूड पाय, लांब अंग, रुंद छाती, माती उकरणारे मजबूत पंजे आणि जमिनीखालूनही ऐकू येईल असा दमदार आवाज, हे सारे त्या कामासाठीच आहे. जर्मनीत या जातीचा संघ 1888 साली स्थापन झाला. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचे बोधचिन्ह 'वाल्डी' हाही डॅशहाउंडच होता.

आखूड केसांचा, लांब केसांचा आणि राठ केसांचा असे तीन प्रकार आहेत. आपल्या उष्ण हवामानात आखूड केसांचा प्रकार सांभाळण्यास सोपा जातो. लहान चणीच्या कुत्र्याचे वजन सुमारे 5 किलोपर्यंत, तर मोठ्या चणीच्याचे साधारण 7 ते 14 किलो असते. चांगली निगा राखल्यास हा कुत्रा 12 ते 15 वर्षे साथ देतो.

स्वभाव

अंगाने लहान असला तरी हा कुत्रा मनाने शिकारी आहे. तो धीट, चौकस, हट्टी आणि मालकावर जीव लावणारा असतो. परका माणूस दिसताच भुंकून वर्दी देतो. मात्र चोराला अडवण्याची ताकद त्याच्यात नाही. त्यामुळे राखणीसाठी त्याच्यावर विसंबू नये.

उकरणे हा त्याचा स्वभाव आहे. गादीवाफे, रोपवाटिका आणि ठिबकच्या नळ्या त्याच्यापासून जपाव्यात. मारझोड करून ही सवय जात नाही. अंगणाचा एक मोकळा कोपरा उकरण्यासाठी राखून ठेवावा. कोंबड्यांच्या मागे तो हमखास धावतो, म्हणून त्याला खुराड्याजवळ मोकळे सोडू नये. तो अनोळखी माणसावर चटकन गुरगुरतो. लहान मुलांनी त्याची शेपूट ओढू नये, तसेच जेवताना त्याला डिवचू नये. दोन ते चार महिन्यांच्या वयात निरनिराळी माणसे, गुरे व ट्रॅक्टरचा आवाज यांची सवय लावल्यास पुढे त्रास कमी होतो.

पाठीचा कणा : सर्वांत महत्त्वाची बाब

कण्याच्या मणक्यांमध्ये गादीसारख्या चकत्या असतात. पाय आखूड करणाऱ्या जनुकांपैकी एक जनुक या चकत्याही लवकर कडक करतो, असे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. कडक झालेली चकती उडी मारताना फुटून मज्जारज्जूवर दाब येतो. या जातीत साधारण चार-पाच कुत्र्यांमागे एकाला आयुष्यात कधी तरी हा त्रास होतो. 3 ते 7 वर्षे वयात तो अधिक आढळतो.

आमच्या घरच्या कुत्रीने पाचव्या वर्षी ट्रॉलीवरून उडी मारली. दुसऱ्या दिवशी तिचे मागचे पाय लटपटू लागले. मुरगळले असेल असे समजून आम्ही दोन दिवस तेल चोळत बसलो. पुढे उपचाराने व सहा आठवड्यांच्या सक्त विश्रांतीने ती चालू लागली, पण पूर्वीसारखी धावली नाही. ते दोन दिवस आजही बोचतात. आपण पुढील काळजी घ्यावी.

1. बाज, ओटा, जीप यांवरून उडी मारू देऊ नये. जिन्याला फळी आडवी लावावी.
2. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा कमरेखाली धरावा. पुढचे पाय धरून कधीही उचलू नये.
3. गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा पट्टा वापरावा.
4. वजन वाढू देऊ नये. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत.
5. पाठ कमानीसारखी होणे, उचलताना केकाटणे, पाय फरफटणे, लघवी अडणे यांपैकी काहीही दिसल्यास कुत्र्याला फळीवर ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. चोळणे, डागणे किंवा माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देणे टाळावे.

आहार

नुसत्या दूध-भाकरीवर या कुत्र्याचे पोषण होत नाही. अंडी, हाडे काढलेले उकडलेले मांस, भात किंवा भाकरी आणि थोडी शिजवलेली भाजी असा आहार दिवसातून दोन वेळा, मोजून द्यावा. शिजवलेली हाडे देऊ नयेत. कांदा व लसूण यांनी कुत्र्याचे रक्त कमी होते, म्हणून घरची मसालेदार आमटी टाळावी. द्राक्षे व बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. द्राक्ष बागायतदारांनी बेदाणा शेड व गळलेले मणी यांपासून कुत्र्यास दूर ठेवावे.

शेतातील धोके

बिळात तोंड घालणाऱ्या या कुत्र्याला उंदीरनाशकांचा मोठा धोका आहे. झिंक फॉस्फाईडचे आमिष टाकल्यावर कुत्रा बांधून ठेवावा आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाईडच्या गोळ्याही विषारी आहेत. विषबाधेची शंका येताच औषधाचे वेष्टन घेऊन दवाखाना गाठावा. गोचिडांसाठी पिकावरील कीटकनाशक अंगाला लावू नये. पशुवैद्यकाने सांगितलेलेच औषध वापरावे. नाग, घोणस यांचा वावर असलेल्या बांधावर कुत्र्यास मोकळे सोडू नये.

लसीकरण

पिलास 6 ते 8 आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो यांची एकत्रित लस सुरू करावी. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस द्यावी व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी ती पुन्हा टोचून घ्यावी. जंतनाशकही वेळेवर द्यावे. कोणत्याही कुत्र्याने माणसास चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे.

पिलाची निवड

आठ आठवड्यांच्या आतील पिलू घेऊ नये. शक्यतो आई-वडील पाहावेत व त्यांना पाठीचा त्रास झाला होता का, हे विचारावे. असा त्रास झालेल्या कुत्र्यापासून पैदास करू नये.

बंधूंनो, गोठ्यातल्या जनावराची आपण जशी रोज पाहणी करतो, तशीच या कुत्र्याचीही करावी. घरात त्याच्यासाठी वेळ देणारा माणूस असेल तरच त्याला आणावे आणि आणल्यावर त्याच्या पाठीची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी.